पाठकोरा अंक

कागद मिळत नव्हता. लढाई चालली होती तिकडे ब्रह्मदेशात आणि कागद नाहीसा झाला होता राहुरीच्या बाजारातून. वही मागणाऱ्याकडे दुकानदार अफू मागितल्यासारखं बघायचे. आणि आमोस मास्तरांचा 'खुरपं' हा हस्तलिखित अंक तर लिहून तयार होता. शनिवारी-रविवारी राहुरीच्या धर्मशाळेत जिल्ह्यातल्या सगळ्या हस्तलिखितवाल्यांचा मेळावा भरायचा होता, आणि आज गुरुवार होता.

मास्तर मुळा नदीकाठच्या एका गावात मिशनच्या शाळेत शिकवत. 'खुरपं'चे संपादक तेच, चित्रकार तेच, आणि 'निशिगंधा' या करुण कथेचे लेखकही तेच. शेजारचा गोरक्षनाथ हा कांदेवाला अंकाचा दुसरा आधार. वर्षाला त्याची एक कविता असे, आणि प्रती काढायचं काम त्याचं. पत्र्याच्या परातीत सरस आणि ग्लिसरीन शिजवून त्यानं खरवसासारखा थर धरला होता. जांभळ्या शाईनं लिहिलेलं पान त्यावर दाबलं की शाई खाली उतरायची, आणि मग कोरा कागद दाबत गेलं की पंचवीसेक प्रती निघायच्या. परात तयार होती. कोरा कागद तेवढा नव्हता.

"माळ्यावर ते गठुडं कसलं आहे गं?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"आईचे रिपोर्ट," कृपा चुलीपासून म्हणाली. "मडमेला द्यायची ती. मडम विलायतेला जाताना परत देऊन गेली, आता कोण वाचतंय ते."

कृपाची आई साळूबाई तीस वर्षं मिशनची बायबलबाई होती. गावोगाव पायी जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगायचं आणि दर तिमाहीला मडमेला रिपोर्ट लिहून द्यायचा, हे तिचं काम. सध्या ती संगमनेरला धाकट्या लेकीकडे, लिडियाकडे, बाळंतपणाला गेली होती.

मास्तरांनी सुतळी सोडली आणि ते खाली बसले. अडीचशे आणि वर एक कागद, जाड, विलायती, आणि सगळे पाठकोरे. मडमेची सक्त ताकीद असल्यामुळे साळूबाईनं एकाच बाजूला लिहिलं होतं. दुसरी बाजू दुधासारखी स्वच्छ. मास्तरांनी देवाचे आभार मानले. लिहिलेली बाजू त्यांनी वाचली नाही. सासूचा रिपोर्ट आपणहून वाचणारा जावई अजून जन्माला यायचा आहे.

शुक्रवारी दिवसभर गोरक्षनाथानं प्रती काढल्या. कागद बाजेवर, कणगीवर, गोठ्याच्या भिंतीवर वाळले आणि हाताला येतील तसे शिवले गेले. दहा पानांचा एक अंक, असे पंचवीस.

शनिवारी मेळावा सकाळपासूनच रंगला. खर्ड्याची मंडळी 'बुरूज' नावाचा अंक घेऊन कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून आली होती. निम्मी वाट मोटारीनं त्यांना आणलं होतं आणि निम्मी वाट त्यांनी मोटारीला. नगरच्या लंकाबाईंनी बायकांचा 'फोडणी' आणला होता, खणाच्या कापडाचं वेष्टन घातलेला. सुप्याच्या पोरांनी अंक चक्क पिंपळाच्या पानांवर सुरू केला होता आणि तिसऱ्या पानावर कंटाळून सोडला होता. इथं विकत काही मिळत नसे. आपला अंक द्यायचा आणि दुसऱ्याचा घ्यायचा, एवढाच व्यवहार. दाभण-दोऱ्यावर, खळीवर, शाईवर वाद झडत होते. खळीत मोरचूद घालावा की नाही यावरून दोन संपादक एकमेकांशी बोलायचे थांबले होते. अध्यक्ष काकासाहेब, म्हणजे तिथले निवृत्त हेडमास्तर, रविवारी दुपारी पहिला क्रमांक सांगणार होते. बक्षीस होतं एक अख्खी रीम कोऱ्या कागदाची. ती मेजावर ठेवलेली होती, आणि जाणारा-येणारा तिच्याकडे बघून पुढे जात होता.

तासाभरात 'खुरपं'च्या पंचवीसही प्रती गेल्या. मास्तर अभिप्रायाची वाट बघत ओसरीवर बसले. खर्ड्याचा कानिफनाथ निंबाखाली त्यांचाच अंक वाचत होता. वाचता वाचता त्यानं विडी विझवली हे बघून मास्तरांचं मन भरून आलं. निशिगंधा नदीकाठी रडते तो भाग असणार. ते सहज गेल्यासारखे त्याच्याजवळ गेले.

"कसा काय वाटतोय अंक?"

"मास्तर," कानिफनाथ मान वर न करता म्हणाला, "मनकर्णा फुडं काय म्हनली?"

"कोण मनकर्णा?"

कानिफनाथानं अंक पुढे केला. तो उलट बाजूनं वाचत होता. साळूबाईच्या बारीक, ठाम अक्षरात लिहिलं होतं:

'मनकर्णेचा नवरा लढाईवर गेला त्यास नऊ वर्षे झाली. पत्र नाही. दीर म्हणतो, कुंकू पूस. ती म्हणते, मेलेला दाखवा, मग पुसते. आज मी विहिरीवर तिला येशूची गोष्ट सांगत असता वाटेने एक दाढीवाला मनुष्य आला व उभा राहिला. सगळ्या बायका गप्प झाल्या. मनकर्णेने घागर खाली ठेवली, त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली'

पान तिथं संपलं होतं.

"फुडचं पान माझ्यात न्हाई," कानिफनाथ म्हणाला. "माझ्यात डायरेक म्हशीचा तंटा सुरू हुतोय."

पुढचं पान कोणाच्या अंकात असेल ते मास्तरांना तरी काय ठाऊक? कानिफनाथ उठला आणि सुप्याच्या पोरांकडे गेला. त्यांच्याकडे मनकर्णेचं लग्न होतं. लग्न वाचल्यावर त्यांनाही पुढचं हवंसं झालं. ती पोरं लंकाबाईंकडे गेली. त्यांच्याकडे दिरानं विहिरीचा रहाट काढून नेला होता. दुपारपर्यंत सगळा मेळावा एकमेकांच्या हातातल्या 'खुरपं'त डोकावत फिरू लागला. शेवटी लंकाबाईंनीच पुढाकार घेतला. त्यांनी सगळ्यांकडून अंक गोळा केले, वेणीतला आकडा काढून शिवण उसवली, आणि तारखा बघून एकेक पान धर्मशाळेच्या लांबलचक ओसरीवर मांडायला सुरुवात केली. वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येकावर एक खडा. साळूबाईची बाजू वर, मास्तरांची खाली. निशिगंधा पंचवीस ठिकाणी पालथी पडून रडत होती.

गलका ऐकून काकासाहेब आले.

"हा काय बाजार आहे? साहित्य हे शांतपणे वाचायचं असतं," असं म्हणून त्यांनी समोरचं एक पान उचललं आणि शांतपणे वाचायचं म्हणजे कसं हे दाखवण्यासाठी मोठ्यानं वाचू लागले: "'राहुरीस हेडमास्तरांच्या आईशी बोलले. म्हातारी म्हणते, आमचा काका शाळेत वाघ आहे, पण घरी अजून झुरळ दिसले की पाटावर...'"

काकासाहेबांनी पान खाली ठेवलं, त्यावर खडा ठेवला, आणि थोडा विचार करून आणखी एक खडा ठेवला. मग ते पुढचं पान वाचायला वाकले, पण मनात.

तेवढ्यात कांद्याला पाणी देऊन गोरक्षनाथ गावाहून आला. त्यानं मास्तरांना बाजूला घेतलं.

"सासूबाईंचा सांगावा हाय. उद्या येत्यात. नवी मडम आलीया म्हनं, तिनं तीस वरसांचं समदं रिपोर्ट मागितल्यात. माळ्यावरचं गठुडं काढून ठिवा म्हनल्यात."

साळूबाई कधी रागावत नसे. ती नुसती बघायची. तिचं ते बघणं मास्तरांनी लग्नाआधी एकदा आणि लग्नानंतर दोनदा सोसलं होतं. ते तडक ओसरीवर गेले आणि पानं उचलू लागले.

"ओ मास्तर, मधलं पान कशाला काढताय?" सुप्याचा एकजण म्हणाला.

"मला परत हवीत. सगळीच."

"आता परत? दिलेला अंक परत मागायची चाल न्हाई हितं."

"ह्यांनाच म्हाईत हाय ती काय म्हनली ते," कानिफनाथ म्हणाला. "पान लपवून ठिवलंय. फुडच्या साली छापनार."

मास्तरांनी शपथ घेतली. ते ख्रिस्ती असल्यामुळे शपथ घेत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे संशय वाढला. लंकाबाईंनी अत्यंत नम्रपणे त्यांची पिशवी बघायला मागितली. पिशवीत एक धोतर, एक स्तोत्रांचं पुस्तक आणि शेंगोळ्यांचा डबा निघाला. संध्याकाळी दिवेलागणीला ओसरी पूर्ण मांडून झाली. तीस वर्षं एका ओळीत आली, आणि बरोबर मनकर्णेच्या त्या पानापुढे एका पानाची जागा रिकामी राहिली.

गोरक्षनाथ बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. मग म्हणाला, "एक पान डागाळलं हुतं परातीवर. जांभळा भोपळा झाला त्याचा. ते आमच्या घरी दिलं."

"मग आणा की."

"त्यात मीठ बांधलं तिनं. मग पावनी आली, मिठासकट गेली."

त्यानंतर गोरक्षनाथाशी कोणी बोललं नाही. त्याची कविता तर तशीही कोणी वाचलेली नव्हती.

रविवारी उपासना सुटल्यावर धर्मशाळेपुढे बैलगाडी येऊन थांबली. कृपा उतरली. तिचा चेहरा बघूनच मास्तर उठून उभे राहिले.

"आई आली," ती हळूच म्हणाली. "माळा बघितला तिनं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. गाडीत बसलीय."

साळूबाई उतरली. पांढरं लुगडं, हातात काठी, पायांत वहाणा. ती कोणाशी न बोलता ओसरीच्या कडेनं चालत गेली. पहिल्या पानापाशी थांबली. मग पुढे. सगळे बाजूला होत गेले. मास्तर तिच्या मागून चार पावलं ठेवून चालत होते, मयतीला चालावं तसे. शेवटच्या पानाशी पोचल्यावर ती वळली आणि तिनं मास्तरांकडे बघितलं.

"आई, माझी चूक झाली," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, जुने कागद आहेत."

"तारखेपरमानं कुनी लावली ही?"

"मी," लंकाबाई पुढे होऊन म्हणाल्या.

"तीस वरसांत मला जमलं न्हाई," साळूबाई म्हणाली. "कुटलं कुटं पडलं हुतं. मडमेला कसं द्यावं म्हनून वाटभर घोर हुता मला." तिनं एक पान उचलून उलटं केलं. "मागनं हे जांभळं कसलं लागलंय?"

कानिफनाथानं टोपी काढली. "आजी, रिपोर्ट समदं परत देतो. फकस्त एक सांगा. मनकर्णा काय म्हनली?"

साळूबाई ओसरीच्या कडेवर टेकली. तिला आठवावं लागलं नाही.

"काय म्हननार? म्हनली, पाय धुवून या. उंबरा आत्ताच सारवलाय."

लंकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कानिफनाथ हसायला लागला आणि मध्येच थांबला. काकासाहेबांनी मेजावरची रीम उचलली.

"पहिला क्रमांक 'खुरपं' या अंकास," ते म्हणाले. आणि मास्तर पुढे येत आहेत हे बघून घाईनं पुढे म्हणाले, "मागील बाजूबद्दल."

रीम साळूबाईच्या मांडीवर ठेवण्यात आली. मग दुपार कलेपर्यंत लोकांनी तिला हलू दिलं नाही. म्हशीच्या तंट्याचं काय झालं, रहाट परत आला का, मनकर्णेच्या नवऱ्यानं दाढी कधी काढली, सगळं तिला सांगावं लागलं. निघताना कृपानं पानं क्रमानं गोळा करून सुतळीनं बांधली. पंचवीस प्रती घेऊन येणारा आणि पंचवीसच्या पंचवीस परत नेणारा त्या मेळाव्यातला एकमेव संपादक म्हणजे आमोस मास्तर.

परतीच्या वाटेवर मास्तर गाडीत अंग चोरून बसले होते. साळूबाईनं चष्मा लावला, गठुड्यातून एका अंकाची दहा पानं वेचून काढली आणि जांभळी बाजू वाचायला घेतली. गाडी हिसके देत होती, तरी ती ओळीवर बोट ठेवून वाचत होती. निशिगंधेची कथा अख्ख्या दोन दिवसांत पहिल्यांदाच कोणी वाचत होतं. मास्तर बैलांच्या शिंगांकडे बघत राहिले. नदीच्या उतारापर्यंत तिचं वाचून संपलं. तिनं पानं नीट जुळवून मांडीवर ठेवली.

"मास्तर, ही पोरगी लई रडती."

"करुण कथा आहे, आई."

"आसंल. पन धा पानांत ती कुनाला काय बोललीच न्हाई." साळूबाईनं चष्मा काढून पदराला पुसला. "तिला येकदा पान्याला धाडा. आपसूक बोलंल."

कृपानं हसू येऊ नये म्हणून तोंड फिरवलं. गाडी पाण्यात उतरली, बैलांनी माना खाली घातल्या. मग मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली.

"कोणत्या विहिरीवर?" त्यांनी विचारलं.