सूनबाईंनी नव्या डिस्कवर ठाणे बसविले त्याची हकिगत

थोरांची आज्ञा जाहाली की, लॅबच्या डेटाबेसास नवी जागा कैसी लाभली तो मजकूर साद्यंत लिहावा. ऐसियास जे घडले ते पदरचे तिखटमीठ बेतानेच लावून लिहिले आहे. वाचणारांनी सावध चित्तें वाचावे, आणि चहा घेणे असेल तर आधीच घ्यावा, कारण या मोहिमेत चहावाचून फार हाल जाहाले.

रक्त-लघवी तपासणारी एक लॅब, आणि तेथील डेटाबेसाचा कुल कारभार एका सूनबाईंकडे. बाई कामात तरबेज, परंतु जिभेस लगाम नाही. आदले दिवशी त्यांनी सासूबाईसाहेबांस शब्द दिला की, उपाशीपोटीची साखर तपासणे तर माझ्याच लॅबमध्ये चला, पाच मिनिटांत सुई आणि लागलाच चहा. सासूबाईसाहेब म्हणजे मोठी जहांबाज असामी. सकाळचा चहा पोटात गेल्यावाचून त्यांसमोर उभे राहण्याची घरात कोणाची प्राज्ञा नव्हे. त्या नुसत्या पाण्यावर घरून निघाल्या, आणि काउंटरसमोरील बाकावर मुक्काम करून बसल्या, आणि नेमकी तेव्हांच जुनी डिस्क काठोकाठ भरली. मग रिपोर्टांच्या टेबलात एक ओळ शिरेना, सबब नव्या माणसाची नोंद होईना, नोंदीवाचून नळीवर डकवायची पट्टी निघेना, आणि पट्टीवाचून सुई टोचणे नाही हा लॅबचा जाबता. अवघी रयत बाही वर करून तिष्ठत बसली, आणि सूनबाईंची अब्रू पणास लागली.

नवी डिस्क सर्व्हरात दाखल जाहाली होती. मसलत ऐसी ठरली की, तीवरील एक फोल्डर डेटाबेसास नेमून द्यावे (या नेमल्या जागेस त्या कसबातले लोक टेबलस्पेस म्हणतात), आणि मग रिपोर्टांचे अवजड टेबल जुन्या डिस्कवरून उठवून तेथे न्यावे. सर्व्हर सांभाळणारे भाऊजी, जे नात्याने कोणाचेच भाऊजी नव्हेत परंतु लॅब त्यांस तेच म्हणे, त्यांनी फोल्डराची मालकी डेटाबेसाच्या नावे करून दिली, आणि बाईंनी हुकूम सोडिला. डेटाबेसाने साफ जबाब दिला की, फोल्डर रिकामे नाही, दुसऱ्याचे बिऱ्हाड असता आम्ही आत पाय ठेवणार नाही.

आता त्या लॅबची रीत सांगणे प्राप्त आहे. नवी खुर्ची येवो, पाण्याचा फिल्टर येवो, दारातले पायपुसणे येवो, साहेबांच्या हस्ते उद्घाटन जाहाल्यावाचून कोणी वापरणे नाही. डिस्कला फीत कोठे बांधावी हा पेच पडला, तेव्हां भाऊजींच्याच सुपीक डोक्याने तोड काढिली की, साहेबांचा हसरा फोटो पहिल्याने आत ठेवावा, म्हणजे उद्घाटन जाहाले. तोच फोटो फोल्डरात ठाण मांडून बसला होता! बाई म्हणाल्या, काढा. भाऊजींनी कीबोर्ड बाईंकडेच सरकविला. साहेबांनी खुद्द पाहून मान डोलाविली, तो काढिला तर आमची पगारवाढ गेली, तुम्हीच काढा म्हणाले. इतक्यात काउंटरवरील मुलगी वार्ता घेऊन आली की, बाकावरच्या आजींनी घड्याळाकडे पाहणे सोडिले, आता तुमच्या दाराकडे पाहतात.

मग बाई खासा साहेबांच्या केबिनीत गेल्या, आणि मुद्रा गंभीर करून बोलत्या जाहाल्या:

"साहेब, तुमचा फोटो ठेवलाय ना, तिथे आता सगळ्यांच्या लघवीचे रिपोर्ट येणार आहेत. मला काही ते बरं वाटेना."

साहेबांसही बरे वाटेना. त्यांनी तत्क्षणी फर्मान काढिले की, आमची छबी अदबीने उचलून शेजारी स्वतंत्र फोल्डरात न्यावी, आणि त्या फोल्डराचे उद्घाटन आम्ही सवडीने करू.

जागा रिकामी होताच डेटाबेसाने निमूट हुकूम मानिला, आणि टेबल हलू लागले. ते हलते तोवर त्यात कोणी लिहिणे नाही की वाचणे नाही, भाऊजी घडोघडी "झालं का?" विचारीत, आणि बाई नुसत्या नजरेने त्यांस गप्प करीत. अखेर टेबल नव्या ठाण्यात पोहोचले, आणि पट्टी निघाली, आणि पहिली सुई सासूबाईसाहेबांस टोचली, आणि मागोमाग चहा आला.

सूनबाई मान खाली घालून बोलणी खावयास हजर जाहाल्या. सासूबाई बशीत ओतून चहा प्याल्या. मग काउंटरवरील मुलीनेच सांगितले की, समोरच्या लॅबमध्ये लगेच होईल, तिकडे जा, ऐसे मी आजींस विनविले, परंतु त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यावर सासूबाई बोलिल्या:

"सून आत झटतेय आणि सासू उठून समोरच्या लॅबमध्ये जाते, चार लोकांत काय शोभा राहिली असती हिची?"

सूनबाईंस भरून आले. इतकी वर्षे एका घरात काढिली, परंतु सासूबाईंची ऐसी माया त्या दिवशी प्रथम वाटली, आणि त्यांनी ती लपविली नाही; भर लॅबमध्ये डोळे पुसले.

येणेंप्रमाणे टेबलस्पेस कायम जाहाली, रिपोर्ट नांदू लागले, साहेबांची छबी शेजारी सुखरूप आहे. दफ्तरी फत्ते सूनबाईंचे नावे लिहिली होती. ती त्यांनी राजीखुशीने सासूबाईंचे नावे करून दिली, ऐसी नोंद असे.