दहा माणसांची कुपी

मास्तरांनी आईला लसीसाठी दवाखान्यात आणून बसवलं, तेव्हा तीन आठवड्यांची डोकेफोड सार्थकी लागली असं त्यांना वाटलं. फ्लूची साथ गल्लीत येऊन ठेपली होती, दोन घरांतली माणसं गेली होती, आणि आईला जुना दमा. पण लसीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिचाच कशाला, अख्ख्या गल्लीचा नव्हता. कुणी म्हणे लसीनंच ताप येतो, कुणी म्हणे हात कायमचा लुळा पडतो. शेवटी मास्तरांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. आपण स्वतः लस घेतलीय, असं त्यांनी ठोकून दिलं. तेव्हा कुठे ती चपला घालायला तयार झाली.

शाळेत विज्ञान शिकवणारा हा माणूस सुई म्हटलं की गारठायचा. त्यात गल्लीतल्या अफवांनी त्याच्याही डोक्यात घर केलं होतं, पण हे सांगणार कुणाला?

एकट्या आईला पाहून सिस्टरनं मान हलवली. एका कुपीत दहा डोस. फोडली की त्याच दिवशी संपवायची, म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय हात लावायचा नाही. सकाळपासून आलेलं माणूस एकच, आई. झालं, मास्तर रस्त्यावर उतरले. शिंप्याला, न्हाव्याला, विद्यार्थ्यांच्या पालकांना गाठून, "मी घेतलीय ना" हे पालुपद घोळवत त्यांनी दुपारपर्यंत आठ जण बाकांवर आणून बसवले. आईसकट नऊ. दवाखाना बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता.

"मास्तर, लस घेतलेल्यांच्या वहीत तुमचं नाव कुठंच दिसत नाही," सिस्टर पानं चाळत म्हणाली. "या की, दहावे तुम्हीच."

आईनं सावकाश मान वळवली.

"म्हणजे आधी माझ्यावर करून बघणार होतास होय रे?"

मास्तरांनी असं ठरवलं नव्हतं. पण ठरवलं नव्हतं हे छातीवर हात ठेवून सांगताही येईना. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठही जण उठले.

त्यांच्या आधी आई दारात जाऊन उभी राहिली. धाप लागली होती, पण आवाज खणखणीत. कुणी हलायचं नाही, म्हणाली. रोज चाळीस पोरांसमोर उभा राहतो माझा लेक, त्याला आज सुई मिळालीच पाहिजे. पत्रं द्यायला आलेल्या पोस्टमनलाही तिनं आत ढकललं. दमेकरी म्हातारीशी वाद कोण घालणार? सगळे मुकाट बसले. सिस्टरनं दहा डोकी मोजून कुपी फोडली, मास्तरांनी डोळे गच्च मिटले, आणि बघता बघता कुपी रिकामी झाली. आई दारातच पहारा देत उभी होती.

बाही खाली करताना मास्तरांनी हिशेब केला. आठ, पोस्टमन, आणि आपण.

"आई, तुझी?"

"राहू दे." तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुला काही झालं तर तुझं करायला घरात कुणी धडधाकट नको का?"

एवढं बोलताच तिला खोकल्याची उबळ आली, आणि घर येईपर्यंत खोकला थांबला नाही.