शमुवेल सरांचा डिफेन्स

आमच्या शेजारचे शमुवेल सर फुटबॉलचा सामना डोळे मिटून बघतात. घरची लोखंडी खुर्ची सायकलला बांधून आणतात, आमच्या कॉलेजच्या गोलामागे मांडतात, बसतात आणि डोळे मिटतात. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा सरही खुर्ची उचलून, मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलामागे जातात. तिथेही डोळे मिटतात. पहिल्यांदा मला वाटलं, झोप लागली असेल. पण आपल्यावर गोल झाला की ते डोळे न उघडता म्हणतात, "व्हनारच हुतं."

सर हायस्कुलात शेती शिकवायचे. निवृत्त होऊन जमाना झाला, पण बोलणं अजून त्यांच्या गावचं, कोल्हारचंच आहे. तरुणपणी ते मिशन कंपाउंडच्या संघात डिफेन्सला खेळायचे, त्यामुळे जगाकडे अजूनही त्याच जागेवरून बघतात. मी भाजी आणायला निघाले की विचारतात, "घर कोन राखतंय?" माझ्या मुलीच्या लग्नात पंगत बघून म्हणाले, "वाढपी समदे पुढं गेलेत बाई. मागं ताकाला मानूस न्हाई." आणि खरंच, शेवटच्या पंगतीला ताक मिळालं नाही.

मला त्यांचं निम्मं बोलणं कळायचं नाही आणि समजून घ्यायचं काही कारणही नव्हतं. ते कारण प्राचार्यांनी दिलं. आमचा संघ दर सामन्यात चार-पाच गोल खाऊन यायचा. फुटबॉल बंद करून मैदान क्रिकेटला द्यावं, असं प्राचार्यांच्या मनात होतं. तसं सरळ म्हणता येईना, म्हणून त्यांनी चौकशी नेमली आणि ती माझ्या गळ्यात घातली. "मॅडम, तुम्ही ऑडिट शिकवता. गळती कुठे होते ते बघा. महिनाअखेर अहवाल द्या, मग संघाचं काय ते ठरवू."

मी एक सामना नीट बघितला. काहीही कळलं नाही. मुलं धडधाकट होती, पळत होती, घामाघूम होत होती, तरी गोल होत होते. कोचला विचारलं तर म्हणाला, "मार्किंग चुकतंय." कुणाचं? "सगळ्यांचंच." हे अहवालात कसं लिहायचं? पुढच्या सामन्याला मी घरून प्लॅस्टिकची खुर्ची नेली आणि सरांच्या शेजारी मांडली.

"सर, आपला डिफेन्स कसा वाटतो?"

"आधी डोळे मिटा."

"ते का?"

"बघून काय कळतंय? पाय समद्यांनाच हायेत. ऐका."

मी डोळे मिटले. स्वतःलाच वेडगळ वाटलं. लांबून पलीकडच्या संघाचा आरडाओरडा येत होता, "ए, सोड त्याला!" "पक्या, मागं हो!" आमच्या बाजूला नुसती पावलं वाजत होती. मग अगदी जवळून कुणीतरी अदबीनं म्हणालं, "अहो काका, जरा मागं येता का?" पाठोपाठ चेंडू जाळीत गेल्याचा आवाज.

मी डोळे उघडले. "मैदानात काका कुठून आले?"

"त्योच तर आपला डिफेन्स हाय," सर म्हणाले.

प्रकरण असं होतं. मधोमध बचावाला उभा असतो किरण. आजूबाजूच्यांना हाका मारून जागेवर ठेवणं हे त्याचं काम. डावीकडे असतो बाळू. हा बाळू किरणचा सख्खा चुलता, पण वयानं वर्षभर लहान. दोघं एकाच घरात राहतात, एकाच मोटारसायकलवर येतात. बाळू चेंडूमागे पुढे पळत सुटला की डावीकडे भगदाड पडायचं, आणि पुतण्या काही काकावर ओरडायचा नाही.

मी किरणला गाठलं. "त्याला दरडावून मागे बोलवायला काय होतं तुला?"

"आज्जीला कळलं तर घरात घेणार नाही, मॅडम. काका हायेत ते."

"अरे, तो तुझ्यापेक्षा लहान आहे!"

"लहान असले तरी काकाच ना?"

ऑडिटमध्ये यावर उपाय नाही. सरांकडे होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते हाफ पँट घालून मैदानात आले आणि बाळूच्या जागेवर उभे राहिले. वय पंच्याहत्तरीकडे झुकलेलं.

"मी पुढं पळनार, तुमी मला मागं बोलवायचं. पन सर म्हनायचं न्हाई आन् अहो-जाहो न्हाई. 'ए शम्या' म्हना. मला म्हनता आलं की मंग काका काय आन् मामा काय!"

सर पुढे पळाले, म्हणजे भरभर चालले. किरण म्हणाला, "सर, या ना मागे." गोल. "शमुवेल सर, प्लीज." पुन्हा गोल. बाळू कडेला पोट धरून हसत होता.

"तोंडात गूळ धरलाय का रं?" सर खेकसले.

मग किरणनं मुठी आवळल्या आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडला, "ए शम्या, मागं मर की!"

आता किरणच्या थोबाडीत बसणार म्हणून मी उठून उभी राहिले. पण सर पाठमोरे तसेच थांबले. चेंडू त्यांच्या पायाजवळून गेला, गोल झाला, तरी हलेनात. छातीत कळ आली की काय म्हणून मी धावले.

"सर, काय होतंय?"

"काई न्हाई, बाई. थोरला भाऊ गेल्यापास्नं ह्या नावानं कुनी बोलावलंच न्हवतं." मग किरणकडे वळून म्हणाले, "परत म्हन. जोरात."

पुढच्या सामन्यात किरण ओरडला, "ए बाळूकाका, मागं ये!" काकापण ठेवलं, पण अहो-जाहो सोडलं. बाळू इतका दचकला की खरोखरच मागे आला. सामना शून्य-शून्य सुटला आणि आमची मुलं करंडक मिळाल्यासारखी नाचली.

अहवाल लिहायला बसण्याआधी मी सरांना स्पष्ट सांगितलं, "गळती थांबली. मुलं शिकली. आता या वयात तुम्ही पळू नका."

सर बुटाची नाडी बांधत होते. वर न बघता म्हणाले, "कुठं शिकली? डावी बाजू अजून लई कच्ची हाय."

मला तरी ती पक्की दिसत होती. मी अहवालात लिहिलं: फुटबॉल चालू ठेवावा. डावी बाजू अजून कच्ची आहे, तरी शमुवेल सरांना मैदानात घेऊन रोज संध्याकाळी हाका मारण्याचा सराव व्हावा. खाली सही केली आणि शिपायाबरोबर पाठवून दिला.