बोटं मोजणारे मन्मथअप्पा

मी खोटं बोललो होतो, हे आधीच सांगून टाकतो. टीव्हीला जोडायची वायर ड्रॉवरमध्ये होती, आणि मी मन्मथअप्पांना म्हणालो, "वायर संपलीय."

तेव्हा मी लातुरात मेव्हण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काम करायचो. व्हिडिओ कॅमेरा घ्यायला आलेले अप्पा बाकीच्यांसारखं "किती मेगापिक्सेल?" असं विचारत नसत. ते कॅमेऱ्यासमोर हाताचा पंजा जोरात हलवत, ते चित्रण पुन्हा लावायला सांगत, मध्येच थांबवत आणि पडद्यावर स्वतःची बोटं मोजत. "पाच भरायला पाहिजेत," म्हणत.

अप्पांचं भुसार दुकान होतं. छापील शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "खोक्यावर काय बी लिहितेत हो, शाई फुकट हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बिस्किटाचा पुडा फोडून ते बिस्किटं मोजत. भूकंपानंतर त्यांनी घराला स्लॅब टाकला, तेव्हा गुत्तेदार म्हणाला, "अप्पा, भूकंपाच्या बापाला भ्यायचं न्हाई." अप्पांनी तिथंच सतरंजी अंथरून त्याला दुपारी त्या स्लॅबखाली झोपवलं आणि स्वतः बाहेर लिंबाखाली बसले.

ट्यूशनवाल्यांचे फलक तर ते उभं राहून तपासायचे. एकदा पास झालेल्या एकाच पोराचा फोटो दोन क्लासच्या फलकांवर त्यांना सापडला. ते सरळ एका क्लासच्या ऑफिसात शिरले. "सर, हे लेकरू तुमच्याकडं शिकून पास झालं का त्यांच्याकडं? का अर्धं-अर्धं?"

असा माणूस माझ्यासमोर. खोक्यावर ठळक '१०८०' आणि त्याला चिकटून बारीक 'आय'.

"कुलकर्णी, हे आय काय हाय?"

"इंटरनॅशनल," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर बोटं पाच भरली. अप्पा म्हणाले, मोठ्या टीव्हीवर दाखवा. दुकानात गर्दी होती, मला कंटाळा आला, आणि मी ते वायरचं वाक्य बोललो.

पंधरा दिवसांनी ते परत आले. "नऊ भरली," एवढंच म्हणाले.

कॅमेरा घरच्या लग्नकार्यासाठी नेला असणार, असं मी धरून चाललो होतो. मी हसलो. "अप्पा, लग्नाच्या शूटिंगमध्ये बोटं कोण मोजतं?"

ते कॅमेरा पिशवीत घालून निघून गेले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात मी कंपनीच्या माणसाला 'आय'चा अर्थ विचारला. हा कॅमेरा आधी चित्रातल्या एक, तीन, पाच अशा ओळी टिपतो, मग दोन, चार, सहा. तेवढ्यात हात हलला की दोन्ही चित्रं एकमेकांत अडकतात आणि कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. 'पी' लिहिलेला कॅमेरा सगळ्या ओळी एकदम टिपतो. आकडा दोन्हीकडं तोच. अप्पा हे सगळं एका पंजावर ओळखत होते.

पुढं निलंग्याहून तक्रार आली की आमच्याकडून नेलेल्या टीव्हीवर चित्र फाटतंय. मी एसटीनं गेलो. घरात एक म्हातारी टीव्हीला नाक लावून बसली होती. पडद्यावर अप्पा.

"ह्या आमच्या सासूबाई, अप्पांच्या थोरल्या बहीण," सून म्हणाली. "लहानपणापासून ऐकू येत न्हाई. ओठ बघून समजतेत. अप्पांचे गुडघे गेल्यापासून त्यांना एसटी झेपंना. मग ते बोललेलं पेन ड्राइव्हवर पाठवतेत. पण अप्पा लई घाईनं बोलतेत, म्हणून ह्या थांबवून-थांबवून बघतेत."

म्हातारीनं चित्र थांबवलं. अप्पांचे ओठ दोन-दोन झाले होते. तिनं मान हलवली आणि पुन्हा मागं नेलं. मग पुन्हा.

मी टीव्ही तपासल्यासारखं केलं. टीव्हीत काही बिघाड नव्हता.

दुसऱ्या दिवशी 'पी'चा कॅमेरा घेऊन मी अप्पांच्या दुकानात गेलो. "हा ठेवा, तो परत द्या. अप्पा, वायर होती त्या दिवशी. ड्रॉवरमध्येच होती. मी खोटं बोललो."

अप्पांनी हातातलं ज्वारीचं माप खाली ठेवलं. "मला काय सांगायलाव? मी तर दोन महिने नुसता बोललो. समजत न्हाई म्हणून तरास तिला झाला. तिला सांगा."

त्यांनी पोत्यावर पोतं रचून कॅमेरा चालू करून वर ठेवला आणि मला समोर बसवलं. "सावकाश बोला. दाढीला हात लावू नका, ओठ झाकतेत."

मी तोंड पुरतं उघडून, एकेक शब्द सुटा करत म्हणालो, "अक्का, चूक माझी होती. मला माफ करा."