इंगळे सरांची जुळवणी

पिंपळगाव राजाच्या आमच्या शाळेतले इंगळे सर कॉम्प्युटरला लाल दोरा बांधत. नजर लागू नये म्हणून नव्हे. त्यांच्याकडे घरी एक डेस्कटॉप होता आणि शाळेत आणायला लॅपटॉप. ज्याच्यात ताजं काम, त्याला दोरा. दुसऱ्याला त्या दिवशी हात लावायचा नाही. संध्याकाळी सगळं काम एका हार्ड डिस्कवर घ्यायचं, तिच्यावरून दुसऱ्या यंत्रात उतरवायचं आणि मगच दोरा सोडायचा. याला ते ‘जुळवणी’ म्हणत.

ती डिस्क धुतलेल्या रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत असे. एकदा वांग्याची भाजी सांडली, तर सरांनी आधी डिस्क पुसली आणि भाकर कोरडीच खाल्ली.

“एकीकडचं गेलं तं दुसरीकडचं कामी येते,” ते सांगत. “जुळवणी झाली का माणूस निवांत झोपते.”

मला हा माणूस सोसत नसे. हेवाच तो, दुसरा शब्द नाही. माझी प्रश्नपत्रिका ऐन परीक्षेच्या सकाळी गायब व्हायची, त्यांची कधीच नाही. मुख्याध्यापकांनी परीक्षेचं काम माझ्याकडून काढून त्यांना दिलं. घरी बायकोचंही तेच, “इंगळे सराचं पाहा, किती टापटीप राह्यते तो माणूस!” एकट्या माणसाला टापटीप राहायला काय जातं?

एकदा शिक्षकांच्या खोलीत कोणी नाही असं पाहून मी लॅपटॉपचा दोरा सोडून खिशात घातला. आता ताजं कुठलं आणि शिळं कुठलं, सरांना कळेना. दोन दिवस ते एकेक फाईल ताडून पाहत बसले. वर मलाच म्हणाले, “बरं झालं सर, जुन्या दोन चुका सापडल्या.” माझा नुसता जळफळाट झाला.

माझ्याकडे एकच गोष्ट अशी होती, जी त्यांच्याकडे नव्हती. मी कथा लिहायचो. सहा वर्षांत चौदा झाल्या होत्या. अकोल्याच्या एका प्रकाशकाने संग्रह मागवला आणि त्याच आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. खामगावच्या दुरुस्तीवाल्याने मान हलवली. दुसरी प्रत नव्हती. इंगळे सरांच्या प्रिंटरवर काढलेले कागद दिवाळी अंकांकडे गेले होते, ते काही परत आले नव्हते; पेनड्राइव्हही कधीच हरवला होता. दोन दिवस घास उतरला नाही.

शेवटी बायकोनेच इंगळे सरांच्या कानावर घातलं. ते लगेच लॅपटॉप घेऊन आले. उघडून पाहतो तर माझ्या नावाचा फोल्डर!

“तुम्ही माह्याकडं प्रिंट काढाले पेनड्राइव्ह आणत होते ना, तवा एक कॉपी ठेवत गेलो,” ते म्हणाले. “विचारलं असतं तं तुम्ही नाही म्हटलं असतं. माफ करा.”

मी कथा मोजल्या. पंधरा भरल्या. पंधरावी मी पार विसरलो होतो. तिचं नाव ‘दोऱ्याचा शहाणा’. रागाच्या भरात लिहिलेली, सरांची पानभर टिंगल. छापली कधीच नव्हती, पेनड्राइव्हवर तेवढी राहून गेली होती.

“ही... वाचली तुम्ही?”

“हाव. चार-पाच डाव वाचली.”

“सर, ती पुसून टाका. पाया पडतो.”

सरांनी लॅपटॉप हलकेच आपल्याकडे ओढून घेतला.

“काऊन पुसू? माह्याबद्दल कोणी दोन ओळी बी लिहिल्या नव्हत्या आजवर.”