वाल कोणता टाकावा

निवड करण्याची क्षमता हेच माणसाचं जनावराहून वेगळेपण आहे, आणि सरकारी अधिकाऱ्यात ही क्षमता इतकी भरपूर असते की तो सहसा निवड करत नाही, विचाराधीन ठेवतो. कारंजा लाडच्या एका कार्यालयात विस्तार अधिकारी असलेले वीरेंद्र राठोड या बाबतीत जिल्ह्याचं भूषण होते. त्यांच्या सेकंडहँड टर्बो गाडीचा वाल फाटला तेव्हा हे भूषण पुरतं झळकलं.

(वाल म्हणजे व्हॉल्व्ह. कडधान्याशी संबंध नाही. इकडे नळाला, पंपाला, सायकलच्या ट्यूबला आणि माणसाच्या हृदयाला जे असतं त्या सगळ्यालाच वाल म्हणतात. भाषेच्या या काटकसरीचे परिणाम पुढे येतील.)

गाडीतल्या या वालाचं काम साधं आहे. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की त्या हवेला जायला जागा उरत नाही. मग हा वाल उघडतो आणि तिला मागच्या दाराने परत फिरवतो. कार्यालयात येणाऱ्या अर्जांचंही असंच होत असल्यामुळे साहेबांना ही रचना पहिल्या झटक्यात समजली. वालातला रबरी पडदा फाटला होता. गाडी चालायची, पण ओढायची नाही.

त्याच सुमारास साहेबांच्या आई रामीबाई यांच्या हृदयाचाही वाल खराब निघाला. अंगणातून चुलीपर्यंत जाताना त्यांना धाप लागायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, उशीर करू नका. साहेबांनी तातडीने निर्णय घेतला: गाडी दुरुस्त झाली की लगेच निघायचं.

"एस्टीनं नेऊ ना," बायको संगीता म्हणाली.

अधिकाऱ्याची आई एसटीने गेली तर लोक काय म्हणतील, हा एक प्रश्न होता. लोक काहीच म्हणाले नाहीत तर, हा दुसरा आणि जास्त गंभीर. त्यामुळे सूचना फेटाळण्यात आली.

मेकॅनिक सैफुद्दीन यांनी तीन पर्याय सादर केले. पहिला, जुन्यासारखाच, रबरी पडद्याचा. गुण: बसवला की विषय संपतो. दोष: विषय संपतो. दुसरा, धातूच्या दट्ट्याचा. टिकाऊ, पण मधूनमधून उघडून तेल द्यावं लागतं. तिसरा, हवा परत न फिरवता सरळ बाहेर सोडणारा. याने गाडी अजिबात जास्त पळत नाही, मात्र गिअर बदलताना 'फुस्स' असा आवाज निघतो आणि तो चौकापलीकडच्या पानठेल्यापर्यंत जातो. नोकरीच्या एवढ्या वर्षांत साहेबांचं कुठलंही काम चौकापलीकडे ऐकू गेलं नव्हतं. हा मुद्दा विचारात घेणं भाग होतं.

अभ्यास सुरू झाला. साहेब जेवताना, फायलीवर सही करताना आणि आईची विचारपूस करताना व्हिडिओ पाहू लागले. व्हिडिओतल्या परदेशी तरुणांपैकी शंभरात नव्वद तिसऱ्याच्या बाजूने होते (उरलेल्या दहांचा आवाज आधीच मोठा होता). साहेब अभ्यासाला बसले तेव्हा शिवारात लोक सोयाबीन पेरत होते. ते कापून, मळून बाजारात गेलं.

"सायब, जो म्हनाल तो टाकतो," सैफुद्दीन म्हणायचे. "पन म्हना तं खरं."

अशातच रामीबाईंचे भाऊ मदनसिंग, पोहरादेवीकडून, नारळ आणि बिस्किटांचे पुडे घेऊन बहिणीला भेटायला आले. भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला.

"काहून रे भाचा, वालाचं ठरलं का?"

"पाहून राह्यलो मामा. घाई करून जमत नाही. धातूचा टिकते. रबरी पडदा फाटू शकते."

"फाटला तं?"

"ताकद राहत नाही. चढावर दम सोडते."

मदनसिंगांनी बहिणीकडे पाहिलं. लक्षणं तंतोतंत जुळत होती.

"अन् तिसरा काही असते का?"

"असते ना. फुस्स आवाज करते. पन रुबाब येते."

मदनसिंगांचे डोळे भरून आले. आईसाठी एवढं वाचणारा पोरगा त्यांनी आख्ख्या तांड्यात पाहिला नव्हता, आणि परत जाऊन त्यांनी तसं सगळ्यांना सांगितलं. साहेबांच्या लक्षात घोळ दुसऱ्याच वाक्याला आला होता. परंतु कौतुक स्वीकारायला कारण खरं असावं, असा कोणताही शासन निर्णय अस्तित्वात नाही.

मग तांड्यातून माणसं येऊ लागली. कोणी धातूच्या बाजूने बोललं, कोणी रबराच्या. फुस्स करणाऱ्याला बायांचा विरोध होता. भजनात बसणं कठीण होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. साहेबांनी सर्वांची मतं शांतपणे ऐकून घेतली.

एका संध्याकाळी रामीबाई ताटावर बसल्या असताना हळूच म्हणाल्या, "बापा, माह्यासाठी तू लय डोकं लावून राह्यला. मले कोनताही चालते. तो आवाज करनारा तुले आवडते ना? तोच टाक. मी सवय करून घेईन."

हे ऐकून एखाद्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. साहेबांना संबंधितांची संमती मिळाल्यासारखं वाटलं. संगीताने स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "अन् त्यायच्या वालाचं कोन पाहून राह्यलं?" प्रश्न तोंडी असल्याने त्याची दखल घेण्यात आली नाही.

तिसरा वाल बसला. अकोल्याला निघताना साहेबांनी गाडी मुद्दाम चौकातून नेली. फुस्स झालं. पानठेल्यावरच्या दोघांनी मागे वळून पाहिलं, आणि सगळ्या अभ्यासाचं चीज झालं. मागच्या सीटवर रामीबाई प्रत्येक फुस्सला छातीवर हात ठेवत होत्या.

"एवढा काही मोठा नाही वं आवाज," त्या सुनेला म्हणाल्या. "निभते."

मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. या गाडीचं इंजिन आत घेतलेली हवा मोजून पेट्रोल सोडतं. मोजलेली हवाच बाहेर गेली की ते गुदमरतं. (हे सैफुद्दीन सांगत होते, पण तेव्हा व्हिडिओ चालू होता.) मागून एसटी आली. संगीताने हात दाखवला, सासूला धरून चढवलं, आणि साहेबही चढले. कोणीच काही म्हणालं नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की वाल दोन प्रकारचे असतात. धातूचा टिकतो, पण जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. जनावराच्या पडद्यापासून केलेला मऊ असतो, पण काही वर्षांत झिजतो. "घाई नाही, दहा मिनिटं बाहेर बसून विचार करा," ते म्हणाले.

साहेब मोबाइलवर गाडी ओढून आणणारा शोधत होते. "जो असन तो टाका," ते म्हणाले आणि दाखवलेल्या जागी सही केली.

"सायब, माह्या पोरानं लय अभ्यास केला याचा," रामीबाई डॉक्टरांना म्हणाल्या. त्यांना फार अभिमान वाटत होता.

गोष्ट इथे संपते. तरीही काही वाचक रेंगाळतील, कारण गाडीला शेवटी कोणता वाल बसवला हे सांगायचं राहून गेलं आहे. तर पहिलाच, रबरी पडद्याचा. गाडी आता छान ओढते. रामीबाईंना कोणता बसवला हेही सांगता येईल. अजून कोणी विचारलेलं नाही.