गोल आहे, मागे आहे, बोल्ट केलेलं आहे

शनिवारी सकाळी निशिकांत सबनीसची गाडी तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार होती. गाडी शांत होती. निशिकांतने मात्र पहाटेपासून तीनदा दात घासले होते.

ही गाडी शोरूममधून आलेली नव्हती. ती इंग्लंडहून खोक्यांमधून सुट्या भागांच्या रूपात आली होती आणि निशिकांतने चार वर्षं, दर रविवारी, घराजवळ भाड्याने घेतलेल्या एका शेडमध्ये बसून ती जोडली होती. दोन सीट, छप्पर नाही, रंग वांगी. उंचीने इतकी कमी की सिग्नलला शेजारी बस थांबलीच, तर निशिकांतला तिची फक्त चाकं दिसली असती. पण सिग्नलपर्यंत जायची अजून परवानगीच नव्हती. घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणायची म्हणजे आधी तिची तपासणी, आणि त्यासाठी बरेच अर्ज-विनंत्या करून त्याने एक खास परवानगी मिळवली होती. तीत तीनच संधी होत्या. पहिल्या वेळी आरशाची कड धारदार निघाली. दुसऱ्या वेळी मागचे ब्रेक कमी पडले. आज नापास झाली की गाडी पुन्हा सुटी करायची, खोक्यांत भरायची आणि आली तिकडे पाठवायची.

निशिकांत सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या एका बँकेत रिस्क मॅनेजर होता. कुठे काय बिघडू शकेल याचा विचार करायचा त्याला पगार मिळत असे. घरी तो हेच काम फुकट करी.

"निशिकांत, गाडी जुरोंगलाच जातेय ना?" सुनेत्राने विचारलं. ती सकाळी आठ वाजता काठपदराची साडी नेसून, गजरा माळून तयार होती.

"टेस्टला जातेय."

"हो, पण टेस्ट जुरोंगलाच आहे ना?"

लग्नाच्या सतरा वर्षांत, 'तिकडेच जातोयस ना' या सुरातला कुठलाही प्रश्न निव्वळ माहितीसाठी विचारला गेलेला नव्हता.

"काय न्यायचंय?"

"काही नाही रे. एक जातं."

"काय जातं?"

"जातं. दळायचं. नीलिमाकाकूंच्या श्रियाची आज हळद. चारचा मुहूर्त. हळद जात्यावरच दळायची असं काकूंचं म्हणणं आहे. अख्ख्या सिंगापूरमध्ये विचारून झालं, जातं फक्त आपल्या शेजारच्या मेधाकडे आहे. मनीप्लांटच्या कुंडीखाली."

"ग्रॅबची टॅक्सी करा की."

"दोन ड्रायव्हर खाली येऊन बघून गेले. तिसऱ्याने लांबूनच कॅन्सल केलं."

निशिकांतने नकार द्यायचं ठरवलं. तेवढ्यात बेल वाजली आणि दारात मेधावहिनी उभ्या राहिल्या. मागे ट्रॉलीवर जातं होतं आणि ट्रॉलीच्या मागे, कमरेवर हात ठेवून, त्यांचे यजमान प्रबोध होते.

"भाऊजी, तुम्ही होतात म्हणून बरं," मेधावहिनी म्हणाल्या. "यांची पाठ म्हणजे तुम्हाला माहितीच आहे."

"मी सांगतो कसं उचलायचं," प्रबोध म्हणाला.

गाडीला नंबर नसल्याने ती टेस्टला ट्रकवर चढवून न्यायची होती. तेव्हा जातं ट्रकच्या केबिनमध्ये ठेवावं, असं निशिकांतने सुचवलं. शेडपाशी आलेल्या ट्रकचालकाने जात्याकडे पाहिलं, मग सुनेत्राच्या साडीकडे पाहिलं. "केबिनमध्ये एक आंटी बसेल. दगड नो, लाह. माझा इन्शुरन्स फक्त गाडीचा," तो सिंगापुरी हेल काढून म्हणाला.

"मग गाडीतच ठेव ना," सुनेत्रा म्हणाली. "डिकी रिकामीच आहे."

इथे निशिकांतमधला रिस्क मॅनेजर जागा झाला. चाळीस किलोचा दगड डिकीत मोकळा ठेवायचा? ट्रकने ब्रेक मारला की तो सीट फोडून पुढे येणार, रेडिएटर तोडणार, समोरच्या गाडीत घुसणार, आणि मग 'तुमच्या गाडीतून जातं कसं निघालं' याचं उत्तर इंग्रजीत लिहून द्यावं लागणार. छे! त्याने शेडमधून हत्यारं काढली. जात्याच्या मधला लाकडी खुंटा उपसला, त्या भोकातून जाड पोलादी बोल्ट घातला, तो डिकीच्या तळातून थेट चासीपर्यंत नेला आणि खालून दोन नट आवळले. वरची तळी दगडावर दगड घासून झिजू नये म्हणून चाकांतून उरलेलं एक बेअरिंगही मध्ये बसवलं.

"आता भूकंप झाला तरी हलणार नाही," तो म्हणाला.

"काढायला किती वेळ लागेल?" सुनेत्राने विचारलं.

"दहा मिनिटं."

हे वाक्य तो उच्चारताना अगदी खरं होतं.

तपासणी केंद्रात मिस्टर ओंग होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, हातात घडी केलेला रुमाल. दोन्ही वेळा गाडी त्यांनीच नापास केली होती, त्यामुळे ओळख वाढली होती.

"यू अगेन," ते प्रेमाने म्हणाले.

गाडी आधी वजनकाट्यावर चढली. मिस्टर ओंगनी आकडा पाहिला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पुन्हा पाहिला.

"जाड झाली."

"सर, मागे एक वस्तू आहे. दगडाची. म्हणजे, वेडिंगसाठी."

"सुटी आहे?"

"सुटी?" निशिकांत दुखावला. "नाही सर! चासीला बोल्ट केलीय. हाय टेन्साइल. डबल नट. टॉर्क रेंच लावून."

सुनेत्राने त्याच्या पायावर पाय दिला. पण उशीर झाला होता. मिस्टर ओंग खाली वाकले, टॉर्च लावून डबल नट पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आदर उमटला.

"गुड वर्क. बोल्ट केलंय, म्हणजे गाडीचा पार्ट. ओके, नेक्स्ट."

"नाही सर, पार्ट नाही, ते आम्ही नंतर..."

"नेक्स्ट, लाह. मागे लाइन आहे."

पुढचा टप्पा ब्रेकचा. मागची चाकं जमिनीतल्या दोन फिरत्या रुळांवर ठेवायची, रूळ चाकं फिरवणार, आणि ब्रेक दाबला की किती जोर लागतो ते यंत्र सांगणार. मागच्या खेपेला इथेच घात झाला होता. ब्रेक दाबताच चाकं रुळांवर थुईथुई नाचली होती आणि आकडा वर सरकलाच नव्हता. त्यानंतर निशिकांतने पॅड बदलले, पाइप बदलले, ब्रेकचं तेल बदललं. आता बदलण्यासारखा तो स्वतःच उरला होता.

रूळ फिरू लागले. आणि गाडीच्या पोटातून आवाज आला. घर्र... घर्र... घर्र...

मिस्टर ओंगनी हात वर केला. रूळ थांबले. आवाज थांबला नाही. तो आपल्या लयीत आणखी थोडा वेळ चालला आणि मग दमल्यासारखा विरला.

"गिअरबॉक्स," मिस्टर ओंग दुःखाने म्हणाले.

"गिअरबॉक्स नाही सर! ते जातं आहे!"

डिकी उघडली. रुळांच्या थरथरीने वरची तळी स्वतःच फिरायला लागली होती. बेअरिंग इतकं उत्तम बसलं होतं. मिस्टर ओंग बराच वेळ पाहत राहिले. मागच्या रांगेतले दोन टॅक्सीवालेही येऊन पाहू लागले.

"आवाज याचाच कशावरून? फिरवून दाखव."

निशिकांतने दांड्याला हात घातला, तोच सुनेत्रा ओरडली, "रिकामं जातं फिरवू नकोस!"

"काय म्हणतायत त्या?"

"सर, आमच्यात रिकामं जातं फिरवत नाहीत. अशुभ असतं."

"आत्ता तर फिरत होतं."

"ते यंत्राने फिरवलं. यंत्राला चालतं," सुनेत्रा इंग्रजीत म्हणाली. हा नियम तिने त्याच क्षणी तयार केला होता, पण आवाजात हजार वर्षांची परंपरा होती.

मिस्टर ओंगनी क्षणभर विचार केला. ते वीस वर्षं गाड्या तपासत होते, पण आजीच्या धाकात त्याहून जास्त वर्षं वाढले होते. अशुभ म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही. ते टेबलाकडे गेले, खणातून कागदाची पुडी काढली आणि परत आले. पुडीत भाजलेले चणे होते.

"हे चालेल?"

"चालेल काय, फार छान!" सुनेत्राने पदर खोचला, मूठभर चणे वरून घातले आणि दळायला बसली. गाडी इतकी बुटकी होती की तिला वाकावंसुद्धा लागलं नाही. फरशीवर मांडी घातली आणि दांडा बरोबर हाताला आला. घर्र... घर्र... तोच आवाज. कडेने पिवळंधमक पीठ सांडू लागलं. एका टॅक्सीवाल्याने टाळ्या वाजवल्या. मिस्टर ओंगनी चिमूटभर पीठ तोंडात टाकलं.

"फाइन," ते म्हणाले. पीठ की आवाज, ते कळलं नाही.

मग ब्रेकची तपासणी पुन्हा सुरू झाली. निशिकांतने डोळे मिटून ब्रेक दाबला. चार वर्षांचे सगळे रविवार त्याच्या उजव्या पायात उतरले होते. चाकं नाचली नाहीत. ती रुळांवर घट्ट बसली, थांबली, आणि काटा वर गेला. आणखी वर गेला.

"पास," मिस्टर ओंग म्हणाले. "ब्रेक मागच्या वेळीही चांगलेच होते बहुतेक. मागे वजनच नव्हतं. आता बघ, कशी बसलीय."

निशिकांतने बाहेर येऊन आधी मिस्टर ओंगना मिठी मारली, मग सुनेत्राला, मग एका टॅक्सीवाल्याला.

मिस्टर ओंग कॉम्प्युटरवर बसले. "या दगडाची नोंद करायला हवी. सिस्टिम विचारते, कुठला पार्ट." त्यांनी यादी खाली सरकवली, वर सरकवली. "दगड नाहीये यात."

"सर, काढूनच टाकतो ना. दहा मिनिटं लागतील."

"काढलंस तर ती वेगळी गाडी. वेगळी गाडी, वेगळी टेस्ट. आणि तुझ्या टेस्ट संपल्या." त्यांनी पुन्हा डिकीकडे पाहिलं. "गोल आहे. मागे आहे. बोल्ट केलेलं आहे." त्यांचा चेहरा उजळला. "स्पेअर व्हील!"

एंटर दाबला गेला. त्या क्षणापासून मेधावहिनींचं जातं सिंगापूरच्या रस्त्यांवर कायदेशीर झालं.

"अभिनंदन," सुनेत्रा म्हणाली. "आता काकूंना काय सांगायचं?"

"खरं ते सांगू."

"खरं? 'जातं आता गाडीचंच झालं' असं सांगू?"

शेवटी त्यांनी काहीच न सांगता जायचं ठरवलं. तात्पुरती नंबरप्लेट लावून गाडी प्रथमच रस्त्यावर आली. आजवर 'त्या टबात मी मेले तरी बसणार नाही' म्हणणारी सुनेत्रा नाइलाजाने शेजारी बसली. एक्स्प्रेसवेवर वारा आला, गजरा सुटून मागच्या लॉरीच्या काचेवर जाऊन बसला, आणि सुनेत्रा हसायला लागली ती काकूंचं घर येईपर्यंत थांबली नाही.

"अजून जोरात!" ती ओरडली.

"लिमिट नव्वद आहे!"

"मग नव्वदने जा ना! सत्तरने काय चालवतोयस!"

नीलिमाकाकूंच्या ब्लॉकखाली पोहोचायला पावणेचार झाले. नवव्या मजल्यावर पाट मांडला होता, रांगोळी घातली होती, पाच सवाष्णी तयार होत्या. सुनेत्राने वर जाऊन परिस्थिती समजावली. मग लिफ्टचं दार उघडलं आणि आधी नीलिमाकाकू बाहेर आल्या, मागून पाच सवाष्णी, हळकुंडांची परात, आंब्याचा डहाळा, नवरी मुलगी, आणि सगळ्यात शेवटी कुणालाही काही न विचारता फोटोग्राफर.

काकू गाडीभोवती एक फेरी मारून डिकीपाशी थांबल्या.

"काय हे?" काकू म्हणाल्या.

"काकू, त्याचं काय आहे, मागच्या चाकांवर जो लोड..."

"अरे, ते राहू दे. याची उंची किती छान आहे! नाहीतर वाकून वाकून कंबर जाते. बसा गं सगळ्या!"

चटया आल्या. जात्याला आंब्याची पानं बांधली गेली. हळदीकुंकू वाहिलं, आणि हात लागलाच आहे तर ते चाकांना आणि नंबरप्लेटलाही लागलं. पहिली ओवी सुरू झाली. वरच्या मजल्यांवरच्या चिनी आज्या कठड्याला येऊन उभ्या राहिल्या. हळकुंडं कडाकडा फुटली आणि पिवळी धूळ वांगी रंगावर सुंदर दिसू लागली.

"अगंबाई!" एक सवाष्ण थबकली. "किती हलकं फिरतंय! एका बोटाने फिरतंय बघ!"

"बघू, बघू! लोण्यासारखं गं!"

निशिकांतने जोडलेल्या एखाद्या गोष्टीचं चार वर्षांत प्रथमच कुणी कौतुक केलं होतं. "बेअरिंग आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "सील्ड बेअरिंग."

"तरीच!" सवाष्णी एका सुरात म्हणाल्या.

एवढ्यात मेधावहिनींचा फोन आला. "भाऊजी, जातं पोहोचलं ना? ऐका, आमच्या भाचीचं लग्न जानेवारीत आहे, सेंगकांगला. नोव्हेनाच्या त्या डॉक्टरीणबाईंकडे मुंज आहे. त्याही जातं मागतायत."

"वहिनी, जातं आता गाडीशिवाय येत नाही."

"मग गाडी आणा! तिला कोण नको म्हणतंय? कोपऱ्यात उभी राहील बिचारी."

हळद दळून झाली, चाळून झाली, पहिलं बोट श्रियाच्या गालाला लागलं. सगळ्या जणी उठल्या. तेवढ्यात मागून भाजीचा टेम्पो आला आणि त्याने हॉर्न दिला. गाडी अर्धी त्याच्या वाटेत होती. नीलिमाकाकूंनी पिवळे हात वर धरूनच निशिकांतला हाक मारली.

"निशिकांत, ते जातं जरा पुढे घे रे!"

निशिकांत गाडीत बसला, पट्टा लावला, आरसा नीट केला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, सिग्नल दिला, आणि जातं जरा पुढे घेतलं.